उजवा खांदा

"ह्यो खांदा तुमी सरळ काढलाय."

एवढंच म्हणाले ते मामा. तक्रार म्हणून नाही आणि कौतुक म्हणून तर नाहीच, पोती मोजताना एखादं कमी भरलं तर जसं नुसतं सांगतात ना, तसं. मग चित्रांची वही माझ्या हातात परत दिली, चहाचा रिकामा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि गाळ्यांच्या दिशेने चालायला लागले. ते पाठमोरे झाले तेव्हा मला दिसलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन-तीन बोटं खाली. इतका की सदऱ्याची शिवण त्या बाजूला घसरून दंडावर आलेली. मी दहा मिनिटं त्या माणसाकडे बघत होतो, बघून बघून काढत होतो, आणि मला हे दिसलेलंच नव्हतं.

ही गोष्ट पुण्यातल्या मार्केट यार्डातली, दोनेक महिन्यांपूर्वीची. माझं काम अकाउंट्सचं. भुसार विभागातल्या चार-पाच व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं माझ्याकडे आहेत त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा तिकडे फेरी होतेच. शेटजी फोनवर असतात, फोन संपला की दुसरा येतो, मग "दहा मिनिटं जरा चहा घेऊन या ना" असं होतं, आणि त्या दहा मिनिटांचा पाऊण तास होतो. पूर्वी मी मोबाईल बघायचो. आता वही काढतो. तिथे काढायला माणसं भरपूर, आणि सगळी काही ना काही करत असलेली. डाळीच्या धुळीने हवा जरा पिवळट झालेली असते, मिरचीच्या गाळ्यावरून वारा आला की सगळी टपरी एकदम शिंकते, टेम्पो मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारत "येऊ दे येऊ दे" करत असतो. हे मामा, यार्डातले हमाल, टपरीशेजारी पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पोत्याला लावायचा लोखंडी हूक. पोझ अशी आयती मिळाल्यावर कोण सोडतंय. मी जेल पेनने काढायला घेतलं. खरं सांगायचं तर चित्र चांगलं झालं होतं! उपरण्याच्या घड्या तर मस्तच आल्या होत्या. म्हणूनच त्यांनी "काय लिवताय?" विचारल्यावर मी जरा मिरवतच वही पुढे केली होती.

आणि मग तो खांदा.

शाळेत मी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसलो होतो. ज्यांनी ती परीक्षा दिलीय त्यांना स्मरणचित्र हा शब्द वाचूनच पोटात गोळा येईल. वस्तुचित्रात समोर बादली-मग असायचं, ते कसंही जमून जायचं. निसर्गचित्राला पानाफुलांची फांदी. पण स्मरणचित्राला विषय यायचे भाजी मंडई, बसथांबा, गणपतीची मिरवणूक असले, म्हणजे माणसंच माणसं, आणि तीही डोक्यातून काढायची. त्यावर आमच्या अख्ख्या वर्गाने एक तोडगा शोधून काढलेला होता. माणसं पाठमोरी काढायची म्हणजे चेहरा नको. हात खिशात घालायचे म्हणजे बोटं नकोत. पायाशी गवत उगवायचं किंवा भाजीची टोपली ठेवायची म्हणजे पाऊल नको. माझ्या मंडईत तर इतक्या टोपल्या होत्या की गिऱ्हाइकांना उभं राहायला जागा उरली नव्हती. आमचे ड्रॉइंगचे सर कागद लांब धरून म्हणाले होते, अरे ह्यांना कुणी शिक्षा केलीय का, सगळे भिंतीकडे तोंड करून उभेत. सी ग्रेड मिळाली. हल्ली पुढच्या इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला जादा मार्क मिळतात म्हणून क्लास लावून परीक्षा देतात मुलं, आमच्या वेळी तसलं काही नव्हतं, त्यामुळे इंटरमिजिएटच्या वाटेला न जाता मी कॉमर्सला गेलो आणि माणसं काढणं तिथे संपलं ते थेट पस्तीस पार केल्यावर परत आलं.

परत आलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आणि त्याची सुरुवात एका गुन्ह्याने झाली. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक जुनं फाउंटन पेन होतं. गडद हिरवं, टोपणाची पट्टी पिवळी पडलेली, निब मात्र लोण्यासारखी चालायची. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की स्केचिंगला काळी वॉटरप्रूफ शाई उत्तम. घरात मुलीच्या प्रोजेक्टसाठी आणलेली ड्रॉइंग इंकची बाटली होती. भरली पेनात. दोन दिवस अप्रतिम काळीभोर रेघ आली, असा काळा रंग मी बघितला नव्हता, चकाकतो तो वाळल्यावर. तिसऱ्या दिवशी पेन बंद. त्या शाईत लाख असते, बांगड्यांना वापरतात तीच जातकुळी, ती वाळली की कडक होते आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर ती वॉटरप्रूफ. गरम पाणी, ब्रश, सुई, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड, सगळं करून बघितलं. पेन काही परत लिहितं झालं नाही. अप्पांना सांगितलं तर ते रागावले नाहीत हेच वाईट. नुसतं म्हणाले, "टाकाची शाई पेनात घातलीस होय."

टाक! दौतीत बुडवून बुडवून लिहायचं ते पेन. हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. मग अप्पा सुरूच झाले. शाळेत शाईची वडी मिळायची, ती पाण्यात विरघळवून दौत भरायची, पाणी जास्त झालं की अक्षर आजारी दिसायचं, दौत दप्तरात सांडली की त्या दिवशी घरी मार. (कॅम्लिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तो शाईच्या असल्याच पुड्या-वड्यांवर, घोडा छाप. उंट नंतर आला. हे मला अप्पांनीच सांगितलं आणि का कोण जाणे फार आवडलं.) दुकानं उघडल्यावर मी अप्पा बळवंत चौकात जाऊन एक होल्डर, चार निबा, शाईची बाटली आणि कार्ट्रिज पेपरची वही घेऊन आलो. नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो गेला नाही तर शाई निबेवर ठरतच नाही, थेंब होऊन ओघळून जाते. कुणीतरी सांगितलं चाटून पूस. चाटली. ती लोखंडी तेलकट चव अजून माझ्या जिभेवर आहे.

टाकाने काढायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की रेघेलाही दिशा असते. निबेला दोन पाकळ्या, दाब दिला की फाकतात, रेघ जाड होते, सोडला की बारीक. खाली ओढताना लाडात येते. पण वर ढकलायला गेलात की टोक कागदाच्या तंतूत अडकतं, खट्ट करून उडतं आणि तुमच्या माणसाच्या तोंडावर सहा-सात ठिपके. आमच्या हिला मी पहिल्यांदा काढलं तेव्हा तिला कांजिण्या झाल्या. आणि कागद बॉण्ड असेल तर शाई फुटते, रेघेला मिश्या येतात. शिवाय हात कोरड्या भागावरच टेकायचा, नाहीतर मनगटाच्या बाजूला सगळं चित्र छापलं जातं, जीएसटीच्या कागदांवर माझ्या हाताचे असे बरेच काळे शिक्के गेलेले आहेत.

आणि खोडता येत नाही. हे लोकांना फार मोठं संकट वाटतं पण मला नाही वाटलं, कदाचित धंद्यामुळे. आमच्याकडेही कीर्दीत खाडाखोड चालत नाही. एन्ट्री चुकली तर चुकलेली तशीच राहते आणि खाली उलटी एन्ट्री टाकून हिशोब जुळवायचा. चित्रातही तेच, चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी मारायची, आणि मग तिसरी. बघणाऱ्याला हात हलतोय असं वाटतं आणि आपण गप्प बसायचं.

माणसाच्या मापांचा नाद मात्र मला फार लागला. आकडे दिसले की माझं असं होतं. उभा माणूस साधारण साडेसात डोकी. डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर, आपण सगळे ते कपाळात काढतो. हनुवटीपासून केसांच्या रेघेपर्यंत जेवढं अंतर तेवढा हाताचा पंजा. कोपरापासून मनगटापर्यंत पाऊल बसतं. हात खाली सोडले की बोटं मांडीच्या मध्यापर्यंत येतात. नुकतं जन्मलेलं बाळ चारच डोक्यांचं, म्हणून ते गोड दिसतं. ही सगळी मापं मी घरातल्या प्रत्येकावर लावून बघितली, ही पोळ्या लाटत असताना तिच्या कपाळावर पंजा ठेवून बघितला, त्यावर काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. पाठच करून टाकली मापं. परिणाम असा झाला की माझी माणसं अचूक व्हायला लागली आणि एकजात सगळी पोलीस भरतीला उभी असल्यासारखी दिसायला लागली.

मग उलट केलं. कागदाकडे न बघता काढायचं, नजर माणसाच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची आणि पेन तिच्या वेगाने. त्यात ही बटाट्याच्या पोत्यासारखी दिसली ("हे मी? बरं."), पण त्या बटाट्याला तिची मान होती. अगदी तिचीच, फोनवर आईशी बोलताना होते तशी. मग तीस-तीस सेकंदांची चित्रं. पीएमपीच्या थांब्यावर उभं राहून बस यायच्या आत जेवढी होतील तेवढी. तिथे वजन कुठे आहे एवढंच बघायचं. कोणीही माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा नसतो हे मला तिथे कळलं. एका पायावर भार टाकला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर येतं, आणि तोल राखायला त्याच बाजूचा खांदा खाली. दुसरा गुडघा ढिला. एवढ्या दोन तिरप्या रेघा जमल्या की बाकी काही न काढताही माणूस बसची वाट बघायला लागतो. बस येत नाही तो भाग पीएमपीने सांभाळलेला असतोच.

आता विचार केला की हसू येतं, म्हणजे तिरपा खांदा मला माहीत होता की. शिकलो होतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

माणसं काढणं शिकवणारी जी पुस्तकं नि व्हिडिओ असतात त्यात एक गंमत असते. सगळी माणसं उभी, पळणारी, भाला फेकणारी, फार तर स्टुलावर बसलेली. अंगाने पिळदार, त्वचेखालचा प्रत्येक स्नायू मोजून घ्यावा असा. आपली माणसं मात्र निम्मा दिवस जमिनीवर असतात. मी यार्डात, एसटी स्टँडवर, लग्नात बघतो ना, कुणी मांडी घालून, कुणी उकिडवं, कुणी फतकल मारून, एखादी आजी एक पाय लांब सोडून दुसरा गुडघा छातीशी धरून. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी रेललेलं, कुणी कलंडलेलं, आणि जेवण झाल्यावर सगळे लवंडलेले. झोपणं घ्या. उताणं, पालथं, कुशीवर, मुटकुळं करून. मला तर वाटतं भाषेने आधीच स्केचेस काढून ठेवलीत. ताटकळणं म्हटलं की माणूस या पायावरून त्या पायावर झालाच. हे शब्द मनात म्हणून काढायला लागलो तेव्हा हात जरा सुटला, नुसतं 'बसलेला माणूस' काढायला घेतला की तो कुठेच बसत नाही, हवेत तरंगतो. उकिडवं बसणं मात्र भयंकर अवघड. साडेसात डोक्यांचा माणूस साडेतीनात कोंबायचा, मांड्या पुढून आखूड होतात, गुडघे खांद्याच्या जवळपास येतात, आणि सगळा भार तळव्यांवर. त्यात धोतर असेल तर मेलोच, कारण मधल्या घड्यांत पाय कुठे आहे ते धोतर नेसणाऱ्यालाच ठाऊक. कापडाचं एक कळलं की घडी नेहमी ताण जिथे आहे तिथून निघते, खांदा, कोपर, गुडघा, आणि पंख्यासारखी पसरत जाते. ते न बघता काढलं की सदरा म्हणजे पत्र्याचा डबा.

नक्कल मी चित्रकार दीनानाथ दलालांची केली. अप्पांच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता, त्यात दलालांच्या 'दीपावली'चेही काही. रंगीत मुखपृष्ठ सगळ्यांना आठवतं पण मी बघत बसायचो ती आतली, काळ्या शाईतली. त्या अंबाड्यातल्या रेघा मी ट्रेसिंग पेपर लावून गिरवल्यात. आणि व्यंगचित्रकार वसंत सरवटे. पेशाने इंजिनिअर असलेला माणूस, रेघ अशी की ऑफिसातून दमून आलेल्या मध्यमवर्गीयाची पाठ एका फटक्यात. पँट जरा वर, पोट जरा पुढे, मान जरा आत, संपलं. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या भिंती बघायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो, एका कॉफीवर दीड तास बसलो, वेटर तीनदा येऊन गेला. इतकी गर्दी आणि एकही माणूस दुसऱ्यासारखा बसलेला नाही. या तिघांच्यात एक गोष्ट सारखी, माणूस कुणीही असो, त्याचं अंग सरळ नसतंच कधी. हे मला आत्ता, त्या खांद्यानंतर दिसतंय. तेव्हा मी फक्त रेघा मोजत होतो.

एक गोष्ट मनात बरेच दिवस खटकत होती ती पण सांगून टाकतो. मी कुणाला काढतो? बसमध्ये एकदा समोरच्या सीटवरच्या बाईंना काढायला लागलो, त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. माझे कान असे तापले की पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि उरलेलं चालत गेलो. त्यानंतर अनोळखी बायकांना काढणं बंद केलं. मग उरलं कोण? झोपलेले लोक. आणि कामावरचे लोक, हमाल, हातगाडीवाले, क्लीनर, ज्यांना माझ्याकडे बघायला वेळ नाही. एसीच्या केबिनमध्ये शेटजी समोर असतात तासन्‌तास, खुर्चीत असे पसरलेले असतात की सरवट्यांनी काढावं, पण त्यांच्यासमोर वही काढायची माझी हिंमत नाही. बिल थकलेलं असतं. एका ओळखीच्यांनी माझी वही चाळून म्हटलं होतं, वा, हमालांच्या चेहऱ्यात काय कॅरेक्टर असतं नै! मला ते तेव्हा आवडलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आवडलं होतं.

त्या दिवशी रात्री घरी आल्यावर मी सगळ्या वह्या काढल्या. सहा भरलेल्या आहेत. जेवण झाल्यावर बसलो आणि एकेक पान बघत गेलो, फक्त खांदे बघत. थांब्यावरच्या त्या तीस सेकंदांच्या चित्रांत खांदे तिरपे होते, तिथे बघायला वेळच नव्हता म्हणून असेल. पण जिथे जिथे मी सावकाश, मन लावून, चांगलं काढायचं म्हणून काढलं होतं, तिथे सगळ्यांचे खांदे सरळ. भाजीवाली सरळ, रिक्षावाले काका सरळ, यार्डातले एकजात सगळे सरळ. कुणी माझ्याकडून इस्त्री करून घेतल्यासारखे. पाचव्या वहीत अप्पा होते.

आरामखुर्चीत डुलकी लागलेले, पेपर पोटावर. हे चित्र मला फार आवडतं, फ्रेम करायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. अप्पा आता ऐंशीच्या जवळ आलेत. वही घेऊन तसाच त्यांच्या खोलीत गेलो. ते झोपलेले होते, कुशीवर, नाइट लॅम्पच्या उजेडात. मी दारातच उभं राहून पेन डोळ्यासमोर धरून डोकी मोजली, वेड्यासारखं. झोपलेल्या माणसाची मापं अशी घेता येत नाहीत हे मला कळतं. तरी मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीत तुळशीला पाणी घालत उभे होते तेव्हा परत मोजली. साडेसहा. फार तर पावणेसात. पाठ वरून वाकलीय, मान पुढे आलीय, छाती कंबरेत उतरलीय. चित्रातले अप्पा साडेसात डोक्यांचे होते, मी तिसरीत असताना सायकलवर पुढे बसवून न्यायचे ते. म्हणजे मी बसल्या जागी त्यांना बघून काढलं होतं आणि तरीही बघितलं नव्हतं. चुकून झालं का मुद्दाम, हे मला अजून ठरवता येत नाही. मापं पाठ होती म्हणून झालं असं म्हणता येईल. पण नुसतं तेवढंच असेल असं मला वाटत नाही.

अप्पांनी मागे वळून विचारलं, "काय रे, पेन कशाला धरलंयस?"

"काही नाही," म्हटलं.

पुढचे दोन आठवडे यार्डात ते मामा दिसले नाहीत. गावाकडे गेले असतील, कुणाचं लग्न असेल, मी काही विचारलं नाही, नावच माहीत नाही तर विचारणार काय. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर दुपारचे होते, तुरडाळीचा ट्रक खाली होत होता. सगळं संपून ते सावलीत येऊन बसेपर्यंत मी थांबलो. या वेळी पिशवीत टाक आणि शाईची बाटली नेली होती. का ते विचारू नका, जेल पेनने काढवेना. "मामा, परत काढू का? बसाल जरा?" तर त्यांनी आधी ओळखलंच नाही. मग म्हणाले, "हां, ते खांद्यावालं." आणि बसले. उकिडवं! माझं नशीब.

बाटली मी ओट्यावर ठेवली, वारा होता म्हणून झाकणाखाली वहीची कड दाबली. टाक बघून ते हसले, "दौत हाय की." मी म्हटलं, खांदा दाखवा. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढून कापड बाजूला केलं. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जाड घट्टा, चामड्यासारखा, कडेला जरा करडा आणि मध्ये चकचकीत. पूर्वी शंभर किलोचं पोतं असायचं म्हणाले, आता पन्नासाचं आलंय, "पण तवाचं बसलंय ते काय उठतंय का." मग मला विचारलं, "दुखतं का असं नाय इचारलं तुमी." मी विचारलं. "न्हाय दुखत," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

पेन्सिल न लावता थेट शाईने घेतलं. मानेपासून निघालो. डावीकडची रेघ थोडी उतरून थांबते, उजवीकडची उतरतच जाते, थांबायला पाहिजे तिथे थांबत नाही, हाताला सवयीने ब्रेक लागायला लागला तो मी दोनदा उचलला आणि परत बुडवून पुढे नेला. मग कळलं की नुसता खांदा नाही, तो खाली आहे म्हणून मान डावीकडे गेलीय, मान गेलीय म्हणून कान वरखाली, आणि पाठीचा कणा मधून हलकासा वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने कंबरेत उतरलाय. सगळं अंग त्या एका खांद्याच्या हिशोबाने बसलेलं होतं. गुडघ्यावर हात टाकला होता तो पंजा चेहऱ्यापेक्षा मोठा वाटत होता. हनुवटी ते केस हे माप लावून बघायचा मोह झाला, लावलं नाही, दिसला तेवढा काढला. काखेतल्या सावलीत एक मोठा थेंब पडला. टिपला नाही. टिपकागद नव्हताच. निबेच्या पाठीने तो जरा पसरवून दिला, सावली म्हणून खपला. चेहरा फार काही जमला नाही, नाक दुसऱ्याच कुणाचं आलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. दोन पोरं मागे येऊन उभी राहिली होती, त्यातलं एक म्हणालं, "मामा, सायबांनी तुमाला वाकडं केलं की वो." मामा काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "ह्यो द्या मला. घरी दाखवतो." मी पान वहीतून फाडलं, शिवणीजवळ जरा फाटलंच. हातात दिलं आणि लगेच म्हटलं, काखेत ओलं आहे अजून, पाच मिनिटं थांबा.

तेवढ्यात पलीकडून हाक आली, दुसरा ट्रक लागला होता. त्यांनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक. आणि सदऱ्याच्या खिशात कोंबून उठले.

"अहो मामा, वाळू द्या!"

"वाळंल की," म्हणाले, आणि हूक घेऊन गेले.